सायकोपायमध्ये प्रत्येक सहभागीसाठी वेगळी चित्रे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातील फोंड्यात राहून मी वृद्धांच्या स्मृतीवर संशोधन करते आणि त्यासाठी गेले आठ महिने सायकोपाय, म्हणजे मानसशास्त्रीय प्रयोग तयार करून चालवण्याचे सॉफ्टवेअर, वापरत आहे. जोनाथन पिअर्स यांनी नॉटिंगहॅम विद्यापीठात विकसित केलेली ही प्रणाली विनामूल्य आणि मुक्त स्रोत आहे. माझ्यासारख्या अनुदान नसलेल्या विद्यार्थिनीला याचे मोल फार आहे.

माझ्या प्रयोगात चवथीच्या माटोळ्यांची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीची, छायाचित्रे दाखवतात आणि सहभागीने ती 'आमची' की 'दुसऱ्याची' हे कळ दाबून सांगायचे असते. साहजिकच चित्रांचा संच माणसागणिक बदलतो. सुरुवातीच्या चौकटीत भरलेल्या क्रमांकावरून त्या व्यक्तीच्या फोल्डरचा पत्ता बनवायचा, एक्सेलमधील चित्राचे नाव त्याला जोडायचे, आणि इमेज कॉम्पोनंटमध्ये (चित्र दाखवणाऱ्या घटकात) डॉलर चिन्हापुढे ते व्हेरिएबल लिहून 'सेट एव्हरी रिपीट' (दर फेरीत नवे मूल्य घ्या) निवडायचे, एवढेच काम पायथन भाषेच्या चार ओळींत होते. चौकटीतला क्रमांक मजकूर म्हणून येतो, त्यामुळे '7' आणि '07' ही दोन वेगळी फोल्डरे ठरतात; मी तो कोडमध्येच दोन अंकी करून घेते.

खरी परीक्षा झाली ती सत्तरीतील एका आजींसोबतच्या पूर्वचाचणीत. पडद्यावर सुपाऱ्यांचे घोस आणि मधोमध तोरिंजन हे मोठे लिंबूवर्गीय फळ असलेली माटोळी होती. "ही आमची न्हय गो," असे म्हणून त्यांनी योग्य ती कळ दाबली, पण नोंदीत ते चित्र त्यांच्याच घरचे होते आणि उत्तर चूक ठरले होते. मी आधी त्यांच्या स्मृतीवर शंका घेतली, याचे मला आजही वाईट वाटते. कारण माझ्याच मांडणीत होते. रूटीनमधील, म्हणजे प्रयोगाच्या एका टप्प्यातील, घटक वरून खाली या क्रमाने चालतात आणि माझा कोड कॉम्पोनंट (वरच्या चार ओळी असलेला घटक) इमेजच्या खाली होता. त्यामुळे पडद्यावर आधीच्या फेरीचे चित्र येई, तर नोंद चालू फेरीची होई. सुरुवातीला व्हेरिएबलला एक मूल्य देऊन ठेवल्यामुळे पहिल्या फेरीतही त्रुटीचा संदेश आला नाही. त्या पूर्वचाचणीची सगळी माहिती मी बाद केली.

आता कोड सर्वांत वर असतो, आणि रूटीन संपताना इमेज कॉम्पोनंटकडे त्या क्षणी जी फाइल आहे तिचेच नाव मी वेगळ्या स्तंभात नोंदवते. एक्सेलमधून आलेल्या नावाशी ते जुळते की नाही, हे प्रत्येक सत्रानंतर त्याच दिवशी तपासते.

मोबाइलवरची ४००० × ३००० पिक्सेलची छायाचित्रे मात्र तशीच वापरू नयेत. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते आणि मोठी फाइल उघडायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. मी चित्रे ८०० पिक्सेल रुंदीची करते आणि दोन चित्रांच्या मधले अधिक चिन्ह पडद्यावर असतानाच 'स्टॅटिक' कालावधीत (पडद्यावर काही बदलत नसतानाच्या वेळात) पुढचे चित्र भरून घेते.

हाच प्रयोग ऑनलाइन चालवता येतो, पण मी ते टाळले आहे. लोकांच्या देवघरासमोरची ही छायाचित्रे माझ्या लॅपटॉपवर केवळ क्रमांकांखाली राहतील, असा शब्द मी प्रत्येक घरात दिलेला आहे.