आरतीला उभं राहायलाच हवं का? सक्ती आणि मोकळीक

"मी आरतीला येणार नाही, माझा विश्वास नाही," असं 14-15 वर्षांचं मूल म्हणालं की आईवडिलांसमोर दोन वाटा असतात. घरची रीत म्हणून करायला लावायचं, नाहीतर "तुझं तू ठरव" म्हणून सोडून द्यायचं.

सक्तीच्या बाजूनं बोलण्यासारखं आहे. अथर्वशीर्ष काय, नैवेद्याचं पान वाढणं काय, लहानपणी अंगवळणी पडलं तरच पडतं. मुंज तर परंपरेनं आठव्या वर्षी. तिथे मुलाला कोण विचारतं! पण तोच धाक दहावीतल्या मुलाला दाखवला की ते टाळ्या वाजवतं आणि मनातलं सांगणं बंद करतं. याच वयात त्यानं घरात बोलायला हवं असतं, म्हणून मला हा तोटा फार मोठा वाटतो.

मोकळीक दिली की निदान खोटं वागावं लागत नाही. जर्मनीत 1921 च्या कायद्यानं 14 वर्षं पूर्ण झालेलं मूल आपला धर्म स्वतः ठरवतं. भारतानं 1992 मध्ये स्वीकारलेला बालहक्क करारही मुलाचं धर्मस्वातंत्र्य मानतो, आणि त्याच्या वाढत्या समजेप्रमाणे वाट दाखवण्याचा पालकांचा हक्क आणि कर्तव्यही. म्हणजे हात झटकून मोकळं होणं त्यात बसत नाही.

शिवाय मोकळीक दोन्हीकडून हवी. रविवारी मटण शिजणाऱ्या घरातली मुलगी उद्या तुळशीची माळ घालायची म्हणाली तर? माळ घातली की मांसाहार सुटला, एकादशी आली. देव न मानणाऱ्या मुलाला समजून घेणारे पालकही इथे "हे काय नवीन खूळ?" म्हणतात. तिच्यासाठी वेगळी भाजी टाकायची तयारी हवी.

माझं मत विचाराल तर काम सगळ्यांचं, श्रद्धा ज्याची त्याची. गणपतीत मखर उभारणं, दुर्वा निवडून जुड्या बांधणं, पंगतीत वाढणं यातून कुणाची सुटका नाही. हात जोडायचे की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं. वाढत्या वयात निर्जळी उपवास किंवा कुणा बुवाच्या नादी लागणं, इथे मात्र स्पष्ट नाही म्हणावं, कारणासकट.

आणि आजीला हे आईवडिलांनीच सांगावं, तेही गणपती यायच्या आधी. भरल्या घरात पाहुण्यांसमोर मुलाला जाब द्यायला लावू नये.