राक्षस अंगावर चढवायचा, हातांनी चालवायचा की संगणकात घडवायचा?

राक्षसाचा भयपट करायला घेतला की पहिली चर्चा पैशांची होते. सूट शिवायचा, यांत्रिक डोकं बनवायचं की सगळं व्हीएफएक्सवर (संगणकावर घडवलेल्या दृश्यांवर) सोपवायचं? त्याआधी पटकथेतला सर्वांत भीतीदायक शॉट कागदावर उतरवा आणि त्यात राक्षस कशाकशाला स्पर्श करतो ते लिहून काढा: मनगट, चिखल, दाराची कडी, पाणी, साडीचा पदर, केस. कातडीवरचे खवले कितीही बारकाईने कोरले तरी भीती त्यांतून येत नाही. त्याच्या वजनाने गादी दबते, दाराची फळी वाकते, माणसाच्या हातावर बोटांचे वळ उठतात, तेव्हा तो खरा वाटतो. या स्पर्शाची किंमत प्रत्येक पद्धतीत वेगळी पडते आणि निवड तिथेच ठरते.

सूट आणि प्रोस्थेटिक

प्रोस्थेटिक म्हणजे नटाच्या अंगावर चिकटवायचे कृत्रिम तुकडे. इथे स्पर्श फुकट मिळतो. समोरचा नट खऱ्या हाताला झटका देतो, सावली आपोआप पडते, प्रकाश दोघांवर सारखाच येतो. अडचण असते ती आतल्या माणसाची. गुडघे, खांदे आणि चालण्याची लय ओळखीची असली की प्रेक्षकाला सूट दिसतो, राक्षस दिसत नाही. म्हणून आधी शरीर शोधायचं, मग शिल्प करायचं. ‘एलियन’साठी (१९७९) जवळजवळ सात फूट उंचीचा, लांब हातापायांचा बोलाजी बडेजो निवडला गेला तो याचसाठी. ‘तुंबाड’मध्ये (२०१८) मुलगा पांडुरंग आणि प्रोस्थेटिकखालची शापित म्हातारी, दोन्ही भूमिका मोहम्मद समदच्या आहेत. म्हातारीचा चेहरा आणि कोवळ्या पोराचा देह यांचा मेळ बसत नाही, आणि ती विसंगती अंगावर येते.

कामात चुकतं कुठे? साचा गंधकयुक्त क्लेवर (शिल्पाच्या मातीवर) घेतला आणि त्यात प्लॅटिनम सिलिकॉन ओतलं तर ते घट्ट न होता चिकट राहतं. लॅटेक्सचे हातमोजेही तेच करतात, म्हणून गंधकविरहित क्ले आणि नायट्राइलचे मोजे वापरा. तुकड्याच्या कडा कागदाहून पातळ हव्यात, नाहीतर क्लोजअपमध्ये रेघ दिसते. एकदा काढलेला तुकडा बहुधा पुन्हा लावता येत नाही, कारण कडा फाटतात. म्हणजे शूटिंगच्या प्रत्येक दिवसाला नवा संच. पूर्ण चेहऱ्याला तीन-चार तास लागतात आणि काढायला तासभर, त्यामुळे बारा तासांच्या शिफ्टमध्ये कॅमेऱ्यासमोर साताच्या आसपास तास उरतात. मे महिन्यात फोमच्या सूटमध्ये माणसाला वीस मिनिटांहून जास्त ठेवू नका. आधी घामाने ओठांच्या आणि मानेच्या कडा सुटतात, आणि पुढे धोका त्या माणसाच्या तब्येतीला असतो. वेळापत्रक आखताना हे विसरलं जातं, आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे शॉट घाईत उरकले जातात.

यांत्रिक डोकं, हात, बाहुली

पूर्ण शरीर बनवण्याच्या फंदात पडू नका. एक डोकं आणि एक हात पुरतो. डोक्यासाठी तीन माणसं धरा: जबडा, डोळे आणि मान. तिघांनी एका श्वासावर चालायला शिकेपर्यंत तालीम हवी. सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक युक्ती म्हणजे कातडीखाली रबरी फुगा ठेवून नळीने हवा सोडायची. गळा फुगतो, बसतो, आणि नुसता पडून असलेला प्राणीही जिवंत वाटतो. लाळेसाठी मिथाइल सेल्युलोज पाण्यात घट्ट कालवतात. दिव्यांखाली ते सुकतं, म्हणून दर टेकला पुन्हा लावावं लागतं.

छोट्या प्रतिकृतीला वजन हवं असेल तर फ्रेमरेट (दर सेकंदाला टिपलेल्या चित्रांची संख्या) वाढवा. हिशेब सोपा आहे: प्रतिकृती जितक्या पट लहान, त्या आकड्याचं वर्गमूळ गुणिले २४. एक-चतुर्थांश आकाराची बाहुली ४८ फ्रेम्सवर चित्रित करा, एक-नवमांश असेल तर ७२वर.

पाण्यापासून मात्र जपा. ‘जॉज’चा (१९७५) यांत्रिक शार्क समुद्रात सतत बंद पडायचा, म्हणून तो फारसा न दाखवता भीती उभी करावी लागली. ‘जुरासिक पार्क’च्या (१९९३) पावसाच्या दृश्यात टी-रेक्सच्या फोमच्या कातडीने पाणी शोषलं, वजन वाढलं आणि यंत्र थरथरू लागलं. पावसाळी दृश्य असेल तर कातडी फोमऐवजी सिलिकॉनची ठेवा आणि यंत्रणा वेगळी बंदिस्त करा. यंत्र हलवणाऱ्या छोट्या सर्व्हो मोटारींचा आवाज संवादात येतो, त्यामुळे त्या शॉट्सच्या डबिंगची तयारी आधीच हवी.

संगणक

माणूस ज्यात मावणार नाही असा आकार, घराहून मोठा देह, लांबवर धावणारा प्राणी: इथे दुसरा मार्ग नाही. दिवसाउजेडी दाखवलेला राक्षस भीतीदायक नसतो, हा समज ‘द होस्ट’ने (२००६) खोडून काढला. कोरियातल्या हान नदीच्या काठावर तो भर उजेडात, चित्रपटाच्या सुरुवातीलाच दिसतो. तो सफाईदार नाही, वेंधळा आहे, आणि त्या वेंधळेपणातूनच त्याचं वजन जाणवतं.

स्पर्श इथे सर्वांत महाग. नटाचा हात धरणाऱ्या पंज्यासाठी बोटांच्या टोकाशी पडणारी सावली, दबणारी त्वचा आणि ताणलं जाणारं कापड हे सगळं वेगळं करावं लागतं. म्हणून सेटवर हिरव्या मोज्यातल्या माणसाने खरंच हात धरावा, दार खरंच ढकलावं. प्रत्येक सेटअपनंतर करड्या आणि आरशासारख्या चकचकीत गोळ्याचा शॉट घ्या (प्रकाश कुठून येतो ते त्यावरून कळतं), एचडीआरआय फोटो (उजेड-अंधाराचे सगळे स्तर टिपणारे) काढा, लेन्स आणि कॅमेऱ्याची उंची लिहून ठेवा, आणि राक्षसाविना रिकाम्या दृश्याचाही एक शॉट ठेवा. या दहा मिनिटांनी पुढचे अनेक दिवस वाचतात. नटांच्या नजरा जुळण्यासाठी काठीवर चेंडू लावा, तोही राक्षसाच्या डोळ्यांच्या नेमक्या उंचीवर.

फसतं ते तीन ठिकाणी: पाय जमिनीवर घसरतात, मोशन ब्लर, म्हणजे हालचालीतला धूसरपणा, चुकतो (२४ फ्रेम्सला शटर १/४८ असेल तर राक्षसालाही तोच हवा), आणि कॅमेरा अशा जागी फिरतो जिथे खरा कॅमेरामन उभाच राहू शकला नसता. तिसरी चूक सर्वांत घातक. तिच्यामुळे आधीच्या दृश्यांवरचा विश्वासही उडतो.

‘गॉडझिला मायनस वन’ने (२०२३) ६१० व्हीएफएक्स शॉट्स ३५ कलाकारांच्या चमूत केले आणि ऑस्कर मिळवलं. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच व्हीएफएक्सचे प्रमुख होते, त्यामुळे निर्णयांना मधले टप्पे नव्हते. उलट बाजूला २०११चा ‘द थिंग’: सेटवर बनवलेले यांत्रिक राक्षस नंतर मोठ्या प्रमाणात संगणकाने झाकले गेले. दोन पद्धतींचं मिश्रण उत्तमच, पण ते शूटिंगच्या आधी ठरलेलं असावं.

फक्त आवाज आणि खुणा

खर्च सर्वांत कमी, पण पटकथा सर्वांत काटेकोर लागते. राक्षस कशाने ओढला जातो आणि कशाने थांबतो, हे प्रेक्षकाला नीट कळलेलं हवं, नाहीतर अंधार नुसता अंधारच राहतो. १९५४च्या गॉडझिलाची डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल तारांवर घासून मिळवली. असा प्रयोग कोणत्याही छोट्या स्टुडिओत करता येतो. एक तांत्रिक धोका लक्षात ठेवा: थिएटरमध्ये छातीत घुमणारा ४० हर्ट्झचा नाद फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. फिल्म यूट्यूबवर जाणार असेल तर त्याच आवाजाला २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात एक थर द्या.

मग निवड कोणती?

वीस मिनिटांची शॉर्टफिल्म आणि चार दिवसांचं शूटिंग असेल तर कोपरापर्यंतचा प्रोस्थेटिक हात, फुग्याचं श्वास घेणारं डोकं आणि उरलेलं आवाजावर. पूर्ण सूटला हात लावू नका. पूर्ण लांबीच्या चित्रपटात राक्षस माणसांच्या खोलीत वावरत असेल तर सूट, आणि फक्त पायांची वा मानेची ठेवण बदलायला संगणक. राक्षस इमारतीएवढा असेल तर संगणक घ्या, पण शॉट्सची संख्या निम्मी करा आणि वाचलेला वेळ प्रत्येक शॉटमधल्या पायांखालच्या मातीवर घालवा.

कोणतीही पद्धत घ्या, पैसे गुंतवण्यापूर्वी तो सर्वांत भीतीदायक शॉट पुठ्ठा, फोम आणि फोनच्या कॅमेऱ्यावर खऱ्या प्रकाशात घेऊन पाहा. गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला आवाज बंद करून दाखवा, मग आवाजासकट. आवाज बंद असतानाही तो मागे सरकला तर चित्रावर खर्च करा. फक्त आवाजासकट दचकला तर तो पैसा साउंड डिझाइनरला द्या.