उलव्यातली बिनपाटीची खानावळ आणि नव्या सहवैमानिकाचा पगार

वैमानिक म्हटले की लोक पगाराचा मोठा आकडा गृहीत धरतात. मोठ्या जेट विमानाच्या कॅप्टनच्या बाबतीत ते चुकीचेही नाही. परंतु प्रादेशिक विमानसेवेत, एटीआर-72 सारख्या विमानावर नुकत्याच लागलेल्या सहवैमानिकाचा हिशेब निराळा असतो. विमान लहान असले तरी कॉकपिटमध्ये माणसे दोनच लागतात, आणि त्या दोघांचा पगार एअरबसच्या 180 तिकिटांऐवजी सत्तर-पंचाहत्तर तिकिटांतून निघायचा असतो. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे 200 तासांचे उड्डाण बहुतेकांनी कर्ज काढून पुरे केलेले असते. 40 लाखांचे कर्ज 11 टक्के व्याजाने 15 वर्षांसाठी घेतले, तर हप्ताच दरमहा 45,000 रुपयांच्या पुढे जातो. टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च आणि ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा कंपनीचा बाँड वेगळा. त्यातही पगाराचा एक भाग उड्डाणाच्या तासांवर ठरत असल्याने ज्या महिन्यात स्टँडबाय, म्हणजे उड्डाण न करता नुसते तयार राहणे, अधिक पडते, त्या महिन्यात हाती कमी येते. नवी मुंबई विमानतळाजवळच्या उलव्यातील एका घरगुती खानावळीचे आणि तिला जोडलेल्या कॉट बेसिसवरील खोलीचे हे परीक्षण याच नजरेतून केलेले आहे.

या खानावळीला पाटी नाही. नवी मुंबई विमानतळासाठी जी गावे उठली, त्यांपैकी एका गावातील आगरी कुटुंब ती चालवते, आणि संपादित जमिनीच्या मोबदल्यात विकसित भूखंड देणाऱ्या साडेबावीस टक्के योजनेत मिळालेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांचे स्वयंपाकघर आहे. 25 डिसेंबर 2025 रोजी विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्यापासून ग्राउंड स्टाफ आणि केबिन क्रूमधील मुलामुलींची येथे गर्दी वाढली आहे. सर्वजण मालकीणबाईंना काकूच म्हणतात. दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला 4,200 रुपये पडतात, म्हणजे एका जेवणाला 70. हा दर उलव्यात सर्वांत स्वस्त नाही, तरीही मी ही खानावळ निवडली आणि त्याचे कारण येथील खाड्याचा, म्हणजे न घेतलेल्या जेवणाचे पैसे वजा करण्याचा नियम हे आहे.

बहुतेक खानावळींत सलग तीन दिवस बाहेर असाल तरच खाडा धरतात, आणि तोही आदल्या दिवशी कळवला असेल तर. ज्याचा रोस्टर, म्हणजे ड्युटीचा तक्ता, दुपारी चारला बदलतो आणि ज्याचा रात्रीचा मुक्काम ऐनवेळी दुसऱ्या शहरात ठरतो, त्याला हा नियम शून्य उपयोगाचा. लेओव्हरचा, म्हणजे अशा बाहेरगावच्या मुक्कामाचा भत्ता हातात असूनही इकडे न जेवलेल्या ताटाचे पैसे जातात; महिन्यात अशी दहा-बारा जेवणे झाली तर 700 ते 840 रुपये हकनाक गेले. काकू मात्र प्रत्येक जेवणाचा खाडा स्वतंत्र धरतात आणि जेवणाच्या चार तास आधी ग्रुपवर संदेश टाकला तरी तो मान्य करतात. फ्रीजवर चुंबकाने अडकवलेल्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे त्या लाल पेनाने फुली मारतात, आणि महिनाअखेरीस हिशेब करताना ती वही आपल्यापुढे सरकवून आपल्यालाच फुल्या मोजायला लावतात. याबाबतीत त्यांच्याशी वाद घालण्याची वेळ मला आलेली नाही.

जेवण चांगले आहे, पण सगळेच नव्हे. तांदळाची भाकरी पातळ आणि मऊ असते, मांदेलीचे कालवण तर अप्रतिम. भाजीवरचा तेलाचा तवंग मात्र खटकतो. दरवर्षी वैद्यकीय तपासणीला सामोरे जाणाऱ्या माणसाला तो अधिकच खटकतो. वालाचे बिरडे येथे वारंवार होते आणि ते रुचकरही असते, परंतु उड्डाणाच्या आधी ते खाऊ नये. विमानातील हवेचा दाब आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका उतरला, तर पोटातील वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो, आणि आसनाला पट्ट्याने बांधलेल्या माणसाला त्यावर काही करता येत नाही. हे सांगितल्यापासून पहाटेच्या डब्यात काकू दुधी किंवा पडवळ देतात. कॅप्टन आणि सहवैमानिक यांनी एकच जेवण घेऊ नये, असा विमानसेवांमध्ये प्रघात आहे, म्हणजे अन्न बाधलेच तर दोघेही एकदम आजारी पडत नाहीत. घरचा डबा असला की ही अट आपोआप पाळली जाते. सुकट मात्र डब्यात घेऊ नये. कॉकपिटची जागा फार लहान असते आणि प्रत्येक कॅप्टन काही कोकणातला नसतो.

खोलीबद्दल इतके चांगले लिहिता येत नाही. मुलींच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत तीन कॉट असून प्रत्येकीला 6,500 रुपये आणि दोन महिन्यांची अनामत द्यावी लागते. पडदे इतके विरविरीत आहेत की रात्रीची ड्युटी करून आलेल्याला दिवसा झोप लागणे कठीण, आणि आजूबाजूच्या बांधकामांची धूळ खिडकी लावूनही आत येते. जाड पडदे मी स्वतःच्या खर्चाने लावले. याहून स्वस्त जागा लांब मिळतात. पण भाडे वाचवण्यासाठी बेसपासून, म्हणजे नेमणुकीच्या विमानतळापासून दूर राहण्याचा सल्ला मी कोणत्याही नव्या सहवैमानिकाला देणार नाही. अमेरिकेत 12 फेब्रुवारी 2009 रोजी बफेलोजवळ एका प्रादेशिक विमानसेवेचे विमान कोसळून 50 माणसे दगावली. तपासाअंती अपघाताचे कारण म्हणून कॅप्टनच्या चुकीच्या हाताळणीवर बोट ठेवले गेले, परंतु चौकशीत हेही पुढे आले की सहवैमानिक रात्रभर प्रवास करून देशाच्या दुसऱ्या टोकाहून ड्युटीवर आली होती. प्रादेशिक वैमानिकांच्या तुटपुंज्या पगाराची चर्चा तेथे त्यानंतर जाहीरपणे झाली. आपल्याकडे आता आठवड्याला सलग 48 तासांची विश्रांती बंधनकारक आहे, पण ती कोणत्या खोलीत घ्यायची हे ज्याचे त्यालाच पाहावे लागते.

दिवसाच्या झोपेची फारशी गरज नसलेल्यांना ही खोलीही चालून जाईल. इतरांनी खोली दुसरीकडे पाहावी आणि डबा मात्र काकूंकडूनच घ्यावा. उलव्यात त्या तो घरपोच देतात. येत्या महिन्यापासून दर 4,500 होणार असल्याचे त्यांनी सांगितले आहे, तेव्हा नव्याने येणाऱ्यांनी चार तासांचा खाडा तसाच राहणार का, एवढे विचारून घेऊनच आगाऊ पैसे द्यावेत.