जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू: बॅटरी मरायच्या आत घ्या

गेमबॉयवरच्या 'पोकेमॉन गोल्ड' गेमचं जुनं कार्ट्रिज घरात असेल तर त्यातला सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेला खेळ, आहे तोवर काढून घ्या. तो एसरॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, असतो आणि एक सीआर२०२५ बॅटरी त्याला जगवते. आतलं घड्याळही तिच्यावरच चालतं, त्यामुळे ही कार्ट्रिजं त्याआधीच्या 'पोकेमॉन रेड'-'ब्लू'च्या आधी मान टाकतात.

सेव्ह काढायचं साधन म्हणजे जीबीएक्सकार्ट, खाच असलेला छोटा बोर्ड. कार्ट्रिज खोचा, यूएसबीने लॅपटॉपला जोडा आणि फ्लॅशजीबीएक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. फाइल अवघी ३२ केबीची, चुटकीसरशी उतरते. दादाने पोसलेला टायफ्लोजन हा पोकेमॉन, नाव 'बंड्या', सुखरूप आला!

आधी कार्ट्रिजचे पिवळे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. (फुंकर मारू नका, थुंकी उडते.) पाय मळके असले तर वाचताना गडबड होते, म्हणून सेव्ह दोनदा उतरवून फायली जुळतात का ते बघायचं.

खरा उपयोग पुढे, बॅटरी बदलताना. जुनी काढली की कार्ट्रिजमधला सेव्ह गेलाच. आमच्या मोबाइलवाल्याने पत्र्याच्या पट्ट्या लावलेली नवी बॅटरी सोल्डर करून दिली, मग जुनी फाइल परत चढवली. कार्ट्रिज उघडायला ३.८ मिमीचा गेमबिट स्क्रूड्रायव्हर लागतो, तो वेगळा घ्या.

नंतरच्या 'पोकेमॉन रूबी'-'सफायर'वाल्यांना घाई नाही. त्यांचा सेव्ह विजेशिवाय टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत असतो, बॅटरी फक्त घड्याळापुरती.

जीबीएक्सकार्ट परदेशातून मागवायचं तर कुरिअर आणि कस्टम धरून खिशाला चाट बसते. एकच कार्ट्रिज असेल तर कुणाचं तरी जीबीएक्सकार्ट उसनं आणा.