किटचं हेलिकॉप्टर की जुनं आर-22? इंजिनाच्या पलीकडे पाहा

अमेरिकेत राहताय, हाताला पान्यांची सवय आहे आणि स्वतः जोडलेल्या हेलिकॉप्टरचं स्वप्न डोक्यातून जात नाही, अशांसाठी हे लिहितोय. चौकशी सुरू केली की सुटे भाग घेऊन घरी जोडायची तीन किटं सारखी समोर येतात: रोटरवेचं एक्झेक (आणि त्याचा पुढचा अवतार टॅलन), सफारी आणि मॉस्किटो. चौथा सल्ला कुणीतरी हमखास देतं, "किटच्या फंदात पडू नका, कारखान्यात बनलेलं जुनं रॉबिन्सन आर-22 घ्या." मग पहिला प्रश्न येतो इंजिनाचा. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला, इंजिनाची शक्ती पात्यांपर्यंत नेणाऱ्या भागांचा.

हवेत इंजिन बंद पडलं तरी वाचायची सोय हेलिकॉप्टरात आहे. कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) ताबडतोब खाली केला की खालून येणारी हवा रोटर, म्हणजे वरची पाती, फिरवत ठेवते, याला ऑटोरोटेशन म्हणतात. हलक्या रोटरचं मात्र भोवऱ्यासारखं असतं, जोर संपला की बघता बघता डगमगतो. आर-22 सारख्या यंत्रात वैमानिकाला जेमतेम एक-दीड सेकंद मिळतो. अवघड आहे, पण शिकता येतं. मास्ट (रोटरचा उभा दांडा), त्याचं बेअरिंग किंवा पात्याचं मूळ तुटलं तर शिकलेलं काहीच कामाला येत नाही. 2021 साली विदर्भात एका तरुण कारागिराने घरी बनवलेलं हेलिकॉप्टर जमिनीवरच चालवून पाहताना टेल रोटरचं, म्हणजे शेपटीवरच्या छोट्या रोटरचं, पातं तुटून मुख्य रोटरवर आदळलं आणि त्यात त्याचा जीव गेला. इंजिन बंद पडलेलं नव्हतं. ती बातमी वाचल्यापासून कुठलंही हलकं हेलिकॉप्टर मी मागून पुढे बघत येतो, आधी शेपटी.

त्या नजरेने एक्झेक पाहू. ॲरिझोनातलं हे दोन आसनी किट या छंदातलं सगळ्यात ओळखीचं. चार सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं, सुमारे 150 अश्वशक्तीचं इंजिन कंपनीचं स्वतःचं. 162एफ मॉडेलपासून त्याला संगणकाचं नियंत्रण आलं. लक्ष द्यायचं ते इंजिनानंतरच्या प्रवासाकडे. शक्ती दुय्यम शाफ्टवरून (इंजिन आणि रोटर यांच्या मधल्या फिरत्या दांड्यावरून) साखळीने मुख्य रोटरकडे जाते आणि शेपटीकडे एकामागे एक जोडलेल्या तीन पट्ट्यांनी. पट्टे तीन आहेत म्हणून एक तुटला तर दोन उरतील असं समजू नका. ते ओळीत आहेत, एक गेला की टेल रोटर गेला. जुन्या यंत्रांतला 30 मिलिमीटरचा दुय्यम शाफ्ट आणि त्याची बेअरिंगं ही ओळखीची दुखरी जागा, त्यावर उपाय म्हणून 35 मिलिमीटरचा शाफ्ट आला. टॅलनमध्ये साखळीच्या जागी दातेरी पट्टा आणि शेपटीला शाफ्ट आला. माझ्या लेखी टॅलनचा खरा फायदा हा, बाकी रंगरूप नंतर. जुनं एक्झेक स्वस्तात मिळत असेल तर आधी विचारा, शाफ्ट कितीचा आहे आणि पट्टे किती तासांपूर्वी बदलले?

सफारी दिसायला बेल 47 या जुन्या हेलिकॉप्टरचं धाकटं भावंड, तोच काचेचा बुडबुडा, तीच उघडी नळ्यांची शेपटी. त्यात लायकमिंगचं विमानी इंजिन बसतं, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारे दोन मॅग्नेटो, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि कुठल्याही विमानतळावर ते उघडता येणारा मेकॅनिक. आर-22 चं इंजिनही याच घराण्यातलं. उघड्या सांगाड्याचं मला विशेष कौतुक आहे. जे झाकलेलं नाही ते रोज नजरेखालून जातं. इंजिनाच्या बाबतीत तिन्ही किटांत माझा कौल सफारीला.

मॉस्किटो एका माणसाचं. त्याची सर्वांत हलकी आवृत्ती 254 पौंडांच्या अल्ट्रालाइट मर्यादेत बसते, त्यामुळे अमेरिकेत तिला परवानाही लागत नाही. मला हीच सोय धोक्याची वाटते. सुमारे 60 अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन हलकं आणि सुटसुटीत, पण हवा-इंधनाच्या मिश्रणात इंधन थोडं कमी पडलं की पिस्टन जाम होतो, आणि तो सहसा आधी कळवत नाही. परवाना लागत नसला तरी प्रशिक्षकाबरोबर ऑटोरोटेशन घोटवल्याशिवाय यात बसू नका.

आता आर-22. प्रत्येक महत्त्वाच्या भागाचं आयुष्य तासांत ठरलेलं आणि 2200 तास किंवा 12 वर्षं झाली की अख्खं यंत्र ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्तीला. तो खर्च ऐकून माणूस किटकडे वळतो. पण त्या पैशात तुम्ही माहितीही विकत घेत असता. कुठे एका पात्यात दोष सापडला की सगळ्या मालकांना तपासणीचा बंधनकारक आदेश जातो. किटला तशी सक्ती सहसा नसते. कंपनीचं पत्र आलं तर आलं, वाचलं तर वाचलं. ॲल्युमिनियमला थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते, ताण कितीही कमी असला तरी फेरे मोजावेच लागतात. म्हणून पात्यांचे तास नोंदलेले नसतील तर ते यंत्र माझ्या दृष्टीने बाद. आर-22 सुद्धा सोपं नव्हेच. हलका रोटर आणि मास्ट बंपिंगचा (रोटरचा मधला भाग मास्टवर आदळण्याचा) धोका, यामुळे 1995 पासून अमेरिकेत त्यासाठी वेगळं प्रशिक्षण सक्तीचं आहे.

एकदा ओळखीच्यांच्या हँगरमध्ये एका किटची उड्डाणापूर्वीची तपासणी बघत होतो. सगळ्या नटांवर लाल रंगाची रेघ, नट फिरला की ती तुटते, पण एकही तुटलेली नाही. हलवून पाहिलं, कुठे ढिलं नाही. मालकाने शाफ्टच्या बेअरिंगशेजारी बोट फिरवलं तर बोटाला हळदी-कुंकवाच्या मधल्या रंगाची बारीक भुकटी लागली. ते तसेच थांबले. उड्डाण रद्द. उघडलं तेव्हा दिसलं, बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर सरकत होती आणि शाफ्टला नखाला जाणवेल एवढी खाच पडली होती. दोन लोखंडी भाग केसाएवढे घासत राहिले की अशी भुकटी होते. जोडणाऱ्याचा हात वाईट नव्हता. पण बोट फिरवलं नसतं तर?

तर निवड अशी करा. उडायची हौस मोठी आणि जोडायची लहान असेल तर आर-22, तेही भाड्याने. दोन वर्षं गॅरेजमध्ये आनंदाने काढणार असाल तर सफारी, नाहीतर टॅलन. स्वतः जोडलंत तर दरवर्षीच्या तपासणीवर सही करायचा दाखलाही तुम्हाला मिळू शकतो. दुसऱ्याने जोडलेलं घेतलं तर तो तुमच्या नावावर होत नाही, परवानाधारक मेकॅनिक शोधावा लागतो. जोडून झाल्यावर साधारण 40 तास ठरलेल्या हद्दीतच चाचणी उड्डाणं करायची असतात. ती घाईने उरकू नका, आणि त्या काळात बायको-मुलांना घेऊन जायचा मोह टाळा.

जुनं किट बघायला जाताना टॉर्च न्या आणि पांढरं फडकं. बेअरिंगांवर तापमानाचे छोटे स्टिकर असतात, उष्णता वाढली की त्यांचे ठिपके काळे पडतात आणि परत पांढरे होत नाहीत. स्टिकर नसतील तर का नाहीत ते विचारा. ठिपका काळा दिसला तर किंमत विचारण्याआधी विचारा, हा कधी काळा झाला आणि त्यानंतर यंत्र किती तास उडलं.