स्माईल डिझाईन करायला गेले आणि व्हेनियर न बसवताच आले

या दाताच्या दवाखान्याला चार स्टार, पाचवा का कापला ते खाली येईलच. दाढ दुखतेय, काढायचीय वगैरेंसाठी हा रिव्ह्यू नाहीये, मी फक्त पुढचे दात चांगले दिसावेत म्हणून गेले होते त्याबद्दल लिहितेय.

माझा वरचा पुढचा एक दात कॉलेजात असताना स्कूटीवरून पडले तेव्हा मार लागून मेला. रूट कॅनल तेव्हाच दुसरीकडे झालेलं, पण दात हळूहळू राखाडी पडत गेला, शेजारच्याचा कोपरा उडालेला आणि दोघांच्या मधे बारीकशी फट. एवढंच. पण रील्स बघून बघून डोक्यात पक्कं बसलेलं की वरचे आठ दात व्हेनियर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचं सिरॅमिकचं पातळ कवच) करून टाकायचे, विषय संपला. आधी एका ठिकाणी विचारलं तर तोंड नीट बघायच्या आधीच पॅकेज आणि ईएमआय सुरू.

इथल्या मॅडम कॉन्झर्व्हेटिव्ह आणि एंडोमधल्या एमडीएस आहेत, म्हणजे दात भरणं, वाचवणं आणि रूट कॅनल यातल्या स्पेशालिस्ट. त्यांनी आधी एक्स-रे काढला, जुनं रूट कॅनल धड आहे का बघितलं, फोटो काढले आणि मग सरळ विचारलं, बाकीचे सहा दात चांगले आहेत, ते कशाला घासायचे? व्हेनियरसाठी दाताचं इनॅमल बहुतेक वेळा अर्धा मिलिमीटरच्या आसपास घासतात आणि ते काही परत येत नाही. पुढे व्हेनियर तडकलं किंवा निघालं की नवीन बसवावंच लागतं, म्हणजे तुम्ही जन्मभराचं गिऱ्हाईक. (गिऱ्हाईक हा माझा शब्द, मॅडम गोड बोलतात.)

मग ठरलं ते असं, आधी किटण काढून क्लीनिंग, मग मेलेल्या दाताचं आतून ब्लीचिंग, मग सगळ्यांचं व्हाईटनिंग आणि सगळ्यात शेवटी कोपरा आणि फट कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल) भरायची. हा क्रम महत्त्वाचा आहे बरं का, कारण ब्लीचने फक्त खरा दात उजळतो, कॅप किंवा कॉम्पोझिटचा रंग आहे तसाच राहतो. आधी फट भरली आणि मग दात पांढरे केले तर भरलेलं ठिगळ लगेच कळणार. आमच्या ह्यांची जुनी मेटल-सिरॅमिकची कॅप आहे, हिरडीपाशी काळी रेघ दिसते तिची, ते म्हणाले माझं पण व्हाईटनिंग करून टाका, तर मॅडमनी सांगितलं उपयोग नाही, शेजारचे दात उजळतील आणि कॅप अजूनच उठून दिसेल. पैसे मिळत असताना नको म्हणणारा डॉक्टर मला आवडतो.

आतून ब्लीचिंग म्हणजे दाताला मागच्या बाजूने छोटं भोक पाडून, रूट कॅनलच्या तोंडावर सिमेंटचा थर देऊन, आत औषध भरून टेम्पररी सिमेंटने बंद करतात आणि थोड्या दिवसांनी औषध बदलतात. दुखत अजिबात नाही, दात मेलेलाच असतो. राखाडी रंग जवळजवळ गेला, पूर्ण नाही, नीट उजेडात मला अजून कळतो.

व्हाईटनिंगला मात्र त्या रात्री दातात अशा सणका मारल्या की विचारू नका, गार पाणी पण नको वाटत होतं. एक-दोन दिवसांत थांबलं, पण हे आधी ठसवून सांगायला पाहिजे होतं. निळ्या लाईटचं फार कौतुक करू नका, काम पेरॉक्साईडची जेल करते, हे मॅडमच म्हणाल्या. नंतर दोन दिवस चहा, कॉफी, कोकम, बीट, हळदीचं काहीही बंद. आपल्या घरात हळद नाही असं असतं काय, दहीभात आणि साबुदाण्याच्या खिचडीवर काढले.

त्यानंतर दोन आठवडे थांबायला लावलं, कारण ब्लीचचा ऑक्सिजन दातात राहतो आणि कॉम्पोझिट नीट धरत नाही. बॉन्डिंग, म्हणजे ते कॉम्पोझिट दाताला चिकटवणं, एकाच बैठकीत झालं, भूल पण द्यावी लागली नाही. शेड त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या, तोंड ओलं असतानाच जुळवली, दात सुकला की फिका दिसतो म्हणे. मी सगळ्यात पांढरी शेड मागितली होती, साफ नकार. आता फोटो बघून कळतं बरोबर होतं ते.

पैसे: कॉम्पोझिट दाताला साडेतीन हजार, व्हाईटनिंग आठ हजार. व्हेनियर दाताला बारा हजार सांगितलं होतं, आता आठ दातांचा हिशोब तुम्हीच करा. कॉम्पोझिट सिरॅमिकइतकं टिकत नाही, काही वर्षांनी डाग पडतात, कड उडते, पेरू आणि चिक्की पुढच्या दाताने तोडायची नाही. माझी एक कड खरखरीत झालेली, ती फुकट पॉलिश करून दिली.

सासूबाईंना पण नेलं होतं, त्या मिश्री लावतात. त्यांना वाटलं दात पांढरे करून देतील, मॅडमनी आधी गालाच्या आतून सगळं तपासलं आणि म्हणाल्या, आजी, मिश्री म्हणजे तंबाखूच, ती सुटल्याशिवाय मी फक्त क्लीनिंग करणार. आई रुसल्या, पण क्लीनिंग करून घेतलं.

आता कापलेला स्टार. अपॉइंटमेंट सहाची असेल तर साडेसात धरून चला, रिसेप्शनवरची मुलगी दर वेळी "पाचच मिनिटं मॅम" म्हणते. एस्टिमेट मागितल्याशिवाय लिहून देत नाहीत, मागा. आणि संध्याकाळी कॉलेज रोडला गाडी लावायची जागा मिळत नाही, रिक्षानेच जा.