ज्यू शाळांची पोलंड सहल: ठिकाणं चोख, रात्रीचा तास कच्चा

ज्यू शाळांच्या वरच्या वर्गांची पोलंड सहल बहुधा वॉर्सा, लुब्लिन, क्राकोव आणि नाझींची मृत्युछावणी असलेलं ऑश्विट्झ अशी जाते. साधारण आठवड्याचा कार्यक्रम. ठिकाणांना नावं ठेवण्यासारखं फारसं नाही. सहल जमते की फसते हे ठरतं रात्री हॉटेलवर मुलं बोलायला बसतात त्या तासावर, आणि बस उशिरा पोचली की पहिली कात्री लागते ती याच तासाला.

सुरुवात वॉर्सामधल्या पोलिन या पोलिश ज्यूंच्या इतिहासाच्या संग्रहालयाने करावी. थेट छावणीपासून सुरू केलं, तर ज्यू लोक पोलंडमध्ये फक्त मरायला आले होते असं मुलांच्या मनात बसतं. इथे हजार वर्षांचं नांदतं जग दिसतं. ग्वोझ्द्झेत्स गावच्या लाकडी सिनॅगॉगचं (ज्यू प्रार्थनागृहाचं) पुन्हा घडवलेलं रंगीत छत तर मान दुखेपर्यंत पाहावं असं आहे. अडीच-तीन तास हवेतच. मुलं मध्ययुगात रेंगाळतात आणि विसाव्या शतकातून पळत सुटतात, म्हणून वेळ आधीच वाटून घ्यावा. मंगळवारी संग्रहालय बंद असतं. हे विसरून आखलेले कार्यक्रम काही कमी नाहीत.

लुब्लिनमध्ये 1930 साली उघडलेल्या येशिवाची (ज्यू धर्मशिक्षणाच्या विद्यालयाची) इमारत आणि शहराला चिकटून असलेली मायदानेक ही नाझी छावणी एकाच दिवशी होतात. मायदानेकच्या कुंपणापासून घरं किती जवळ आहेत ते मुलं न सांगताच टिपतात.

ऑश्विट्झमधली नेहमीची फेरी साडेतीन तासांची. शाळेसाठी मात्र सहा तासांची अभ्यासफेरीच घ्यावी आणि आरक्षण काही महिने आधी करावं. आत सोडताना ओळखपत्र पाहतात. शाळेच्या पटावर हिब्रू नाव आणि पासपोर्टवर दुसरंच, अशी मुलं प्रत्येक गटात एक-दोन निघतात आणि दारात खोळंबा होतो. यादी पासपोर्टवरूनच करावी. पाठीवरच्या मोठ्या पिशव्या बसमध्येच ठेवाव्यात. ब्लॉक 4 मधल्या केसांच्या दालनात आणि ब्लॉक 11 च्या तळघरात फोटोला बंदी आहे. हे मुलांना बसमध्येच सांगावं, आत गेल्यावर नव्हे.

ज्यू बळींच्या प्रदर्शनाच्या ब्लॉक 27 साठी वाटाड्याकडे मुद्दाम वेळ मागावा, नाहीतर तो निसटतो. तिथल्या नावांच्या ग्रंथात नाझींनी मारलेल्या ज्यूंची 42 लाखांहून अधिक नावं आहेत: माणसाएवढी उंच पानं, बारीक अक्षर, नावापुढे जन्मतारीख आणि गाव. मुलं आपलं आडनाव शोधतात, आणि ते सापडलं की तिथून हलत नाहीत. नावं रोमन लिपीत असल्यामुळे एकच आडनाव पोलिश वळणाने वेगळं आणि जर्मन वळणाने वेगळं लिहिलेलं असू शकतं. घरच्यांना विचारून संभाव्य स्पेलिंगची चिठ्ठी सोबत न्यावी. या दालनाला अर्धा तास लागतोच.

ऑश्विट्झचाच भाग असलेलं तीनेक किलोमीटरवरचं बिर्केनाउ उघडं माळरान आहे. वारा झोंबतो, सावली जवळपास नाही. जाड मोजे आणि पाणी यांत हयगय नको.

आता गुरुवार की शुक्रवार, हा प्रश्न. ऑश्विट्झ शुक्रवारी ठेवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. क्राकोवमध्ये डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो. म्हणजे परतीची धावपळ, आंघोळीची रांग, आणि लगेच शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा ज्यूंचा विसाव्याचा दिवस. शब्बाथमध्ये लिहिता येत नाही. त्यामुळे ज्या रात्री मुलांना कागद सर्वांत जास्त हवा असतो, नेमका त्याच रात्री तो हाती घेता येत नाही. ऑश्विट्झ गुरुवारी ठेवावं: रात्री लिहिणं, शुक्रवारी क्राकोवची जुनी ज्यू वस्ती काझिमिएझ, आणि शब्बाथला नुसतं बोलणं. हॉटेल काझिमिएझमध्येच घ्यावं म्हणजे शब्बाथला वाहन चालत नसलं तरी सिनॅगॉगला चालत जाता येतं. शब्बाथला विजेची साधनं वापरत नाहीत, म्हणून खोलीला इलेक्ट्रॉनिक कार्डाऐवजी साधी किल्ली मिळेल का, ते आधीच विचारावं.

काझिमिएझमधल्या रेमुह सिनॅगॉगलगतच्या जुन्या दफनभूमीत कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातली मुलं धर्मनियमामुळे जात नाहीत. ती बाहेर थांबतात, तेव्हा त्यांच्यासोबत एक शिक्षक हवा आणि बोलायला काहीतरी हवं. वीस मिनिटं भिंतीशी ताटकळलेल्या मुलाच्या आठवणीत मग तीच भिंत उरते.

रात्रीच्या बैठकीचं गणित साधं आहे. आधी जेवण आणि तासभर मोकळीक. मग आठ-दहा जणांचा गोल आणि दहा मिनिटं गुपचूप लिहिणं. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘वाईट वाटलं’ एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा ‘कोणती एक वस्तू डोळ्यांसमोरून हलत नाही?’ असं विचारावं. मग चपला, चष्मे, सूटकेसवर खडूने लिहिलेलं नाव असं एकेक बाहेर येतं. कुणावरही बोलायची सक्ती नको. रडू न आलेल्या मुलाला आपल्यात काही खोट आहे की काय असं वाटत असतं. रडू येणं ही परीक्षा नाही, हे शिक्षकाने पहिल्याच रात्री उघड सांगावं. आणि वही शिक्षकाने वाचायची नाही, नाहीतर दुसऱ्या रात्रीपासून मुलं शिक्षकासाठीच लिहू लागतात.

परतल्यावर तीन आठवड्यांनी आणखी एक बैठक ठेवावी. तोवर घरच्यांशी बोलणं झालेलं असतं, आणि ब्लॉक 27 मध्ये सापडलेल्या आडनावाचं गाव नकाशावर शोधूनही झालेलं असतं.